किती आणि केव्हा

लोकसंख्येवर गप्पा सुरू झाल्या की पाचव्या मिनिटाला कुणीतरी ‘त्यांना किती होतात बघा’ म्हणतंच. बघूच. 1992-93 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत मुस्लिम बाईमागे सरासरी 4.4 मुलं होती, हिंदू बाईमागे 3.3. 2019-21 मध्ये हेच आकडे 2.4 आणि 1.9 वर आले. त्याच पाहणीत शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईला सरासरी 2.8 मुलं, बारावी झालेलीला 1.8. म्हणजे धर्मापेक्षा दप्तराने पडणारा फरक मोठा. वाद एवढ्यावर मिटायला हवा. मिटत नाही, ही गोष्ट वेगळी.

त्याच पाहणीत बाईमागे मुलांचा बिहारचा आकडा 3, महाराष्ट्राचा 1.7. आपण यावर खूश असतो. पण त्यातून मुलं किती ते कळतं, केव्हा झाली ते कळत नाही. राज्यात 20 ते 24 वयाच्या शंभरातल्या सुमारे 22 जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं. बीडकडच्या एखाद्या गावात विशीच्या आत पहिलं, बाविसाव्या वर्षी दुसरं. त्यात मुलगा असला की सासूच विषय काढते आणि पंचविशीपर्यंत ऑपरेशन उरकतं. मुलगा नसला तर पाळणा आणखी एकदा हलतो. पुण्यात आयटीत काम करणारी तिच्याच वयाची मुलगी तेव्हा पहिली नोकरी बदलत असते.

राज्यातल्या 15 ते 49 वयाच्या विवाहितांपैकी जवळपास निम्म्या बायकांचं ऑपरेशन झालेलं आहे. नवऱ्याची नसबंदी शंभरात एकाच्याही घरी नाही. ती बिनटाक्याची, थोड्या वेळाची गोष्ट. पण ऊसतोडीला जाणाऱ्या घरात ‘त्यांना उसाच्या कामाला ताकद लागते’ म्हणून बाईच टेबलावर जाते. डोक्यावर मोळी घेऊन गाडी भरणारी जणू दुसरीच कुणी असते!

तांबी, गोळ्या, इंजेक्शन सरकारी दवाखान्यात फुकट आहे. पण नव्या सुनेने ते पहिल्या मुलाआधी मागायचं, तर घरात आधी भांडण. र. धों. कर्व्यांनी 1921 मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र काढलं, तेव्हा बाईच्या इच्छेलाही त्यांच्या विचारात जागा होती. सरकारने त्यातलं नियमन तेवढं उचललं. आज तिसरं अपत्य झालं तर ग्रामपंचायतीचं सदस्यपद जातं. पहिलं सतराव्या वर्षी झालं, म्हणून अजून कुणाचं गेलेलं नाही.