सही कोणाच्या वतीने?

बहुसंख्य सभासदांचे भले होत असेल तर मूठभरांचा हक्क सोडून देण्याचा अधिकार कामगार संघटनेला आहे काय? मोठ्या संघटनांत हा प्रश्न आकड्यांत विरघळून जातो. साठ माणसांच्या संघटनेत तसे होत नाही. कारण ज्याचा हक्क सोडायचा तो त्याच सतरंजीवर, दोन हातांच्या अंतरावर बसलेला असतो.

राज्य शासनाच्या श्रम खात्यात समेट अधिकारी म्हणून काम करताना 1998 साली असे एक प्रकरण माझ्यापुढे आले. बडोद्याजवळच्या एका कारखान्यात ठेकेदाराकडे साठ हमाल होते. ठेकेदार बदलला की मागील हिशेब अर्धवट राही, आणि जादा कामाचे तास मस्टरवर चढतच नसत. 1926 च्या कायद्यानुसार त्या काळी सात जणांना संघटना नोंदविता येत असे. या साठांनी ती नोंदविली. थकबाकीचा अर्ज गेला आणि पंधरवड्यातच पुढाकार घेणाऱ्या तिघांचे फाटकावरील पास बंद झाले. पुढे सहा महिन्यांच्या वाटाघाटींनंतर प्रस्ताव आला : सत्तावन्न जणांची थकबाकी एकरकमी देऊ, रोजही वाढवू, मात्र तिघांचा वाद कायमचा मिटला असे संघटनेने लिहून द्यावे.

संघटनेच्या चिटणिसाचे म्हणणे असे, की सत्तावन्न घरांत चूल पेटत असेल तर तिघांनी ते सोसावे. हा विचार निर्दयपणाचा म्हणून झटकून टाकता येणार नाही. ती थकबाकी कोणी कृपेने देत नव्हते, तीही घामाचीच होती. 1970 च्या ठेका कामगार कायद्याने ठेकेदाराने मजुरी चुकविली तर ती देण्याची जबाबदारी मूळ मालकावर टाकली होती. तेव्हा मालक सौद्यात जे देऊ करीत होता, ते त्याच्याकडून मुळात येणेच होते. आपल्याच पैशासाठी माणसाने आपलाच सोबती द्यावा, अशी ती मांडणी होती.

येथे हित आणि हक्क यांत भेद करावा लागतो. रोज किती वाढावा हा हिताचा विषय आहे. तेथे संघटनेने घासाघीस करावी, दोन पावले मागे यावे, त्यात कमीपणा नाही. परंतु एखाद्याला कारण न देता कामावरून काढले, याची दाद मागणे हा त्याचा स्वतःचा हक्क आहे. संघटना त्याची विश्वस्त असेल, मालक नव्हे. कायद्यालाही हे उशिराच उमगले. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात एकट्या कामगाराच्या बडतर्फीचा वाद, संघटनेने किंवा बऱ्याच सहकाऱ्यांनी तो उचलून धरल्याखेरीज, औद्योगिक विवाद ठरतच नसे. 1965 साली 2-अ हे कलम आले आणि कोणी पाठीशी नसतानाही त्याचा वाद जिवंत राहू लागला.

पण हक्क कागदावर जिवंत राहणे आणि पदरात पडणे यांत फार अंतर असते. इंदूरची हुकुमचंद मिल बंद पडली त्याला तीन दशके उलटल्यावर, डिसेंबर 2023 मध्ये, सुमारे 4,800 कामगारांच्या देण्यापोटी 224 कोटी रुपयांचा धनादेश निघाला. तोवर कितीतरी घरांतून पैसे घ्यायला वारसच उरले होते. निवृत्तिवेतन घेणाऱ्या माझ्यासारख्याने उपाशी माणसास ‘लढत राहा’ म्हणून सांगणे फार सोपे आहे.

तडजोडीची चर्चा निघाली की मला 1918 चा अहमदाबादचा गिरणी संप आठवतो. 35 टक्के वाढीवाचून कामावर परतणार नाही, ही कामगारांची प्रतिज्ञा. मालक 20 टक्क्यांवर अडलेले. गांधीजींच्या उपवासानंतर जो समेट झाला तो मोठा विलक्षण होता : पहिल्या दिवशी 35, दुसऱ्या दिवशी 20, आणि तिसऱ्या दिवसापासून पंचाचा निवाडा होईपर्यंत साडेसत्तावीस टक्के. एका दिवसापुरती प्रतिज्ञा अक्षरशः पाळली गेली. याला शब्दच्छल म्हणणारे तेव्हाही असतील. पुढे पंच आनंदशंकर ध्रुव यांचा निवाडा 35 टक्क्यांचाच आला, ही गोष्ट वेगळी. आपल्या उपवासाचा दाब मालकांवर पडला, त्यामुळे तो निर्दोष नव्हता, हे गांधीजींनी आत्मकथेत स्वतःच नमूद केले आहे. मला त्या समेटात महत्त्वाचे वाटते ते निराळेच. ज्यांनी प्रतिज्ञा घेतली होती त्यांनाच कमी-जास्त सोसायचे होते. एकाने सोडले आणि दुसऱ्याने मिळविले, असे तेथे झाले नाही.

म्हणून माझ्या मते अशा वेळी मतांची मोजणी करण्याआधी, ज्याच्या अंगावर तोटा पडणार आहे त्याला विचारले पाहिजे. त्याने होकार दिला तर तो त्याग ठरतो. न विचारता सही केली तर ती विक्री. 2020 ची औद्योगिक संबंध संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आली आणि 1947 चा तो कायदा इतिहासजमा झाला. संघटना अनेक असतील तेथे 51 टक्के कामगारांचा पाठिंबा असलेली एकच संघटना आता वाटाघाटीस बसते. टेबलावर एकच आवाज असणे सोयीचे आहे यात शंका नाही. बडतर्फ कामगाराचा स्वतंत्र वाद संहितेनेही राखला आहे, हे बरे झाले; परंतु पाठीशी उभे राहणारे माणूस कोणतीही संहिता पुरवीत नाही.

त्या प्रकरणात तिघांना विचारले गेले. वयाने थोरल्याने पैसे घेऊन गावी जाणे पत्करले. उरलेल्या दोघांनी स्पष्ट नकार दिला. चिटणिसाने, हे त्याचे मोठेपण, त्या दोघांपुरती अट वगळावी म्हणून धरून बसणे सुरू केले. आठ दिवसांनी मालकाने ते मान्य केले, पण एकरकमी थकबाकीऐवजी दोन हप्ते होतील असे बजावून. सभेत त्यावर बरीच आदळआपट झाली; एकाच्या मुलीचे लग्न तोंडावर आले होते. शेवटी हप्ते मंजूर झाले, दोघांचा वाद शासनाने न्यायनिर्णयासाठी कामगार न्यायालयाकडे पाठविला, आणि त्यांच्या खर्चासाठी संघटनेची मासिक वर्गणी पाच रुपयांनी वाढली. ती देताना काही जण कुरकुरत असत.