कपाळावरची खूण

आमच्या धर्मग्रामातील जीवरसायनशास्त्राचा एक विद्यार्थी सुट्टीत भेटावयास आला होता. कोणते प्रथिन बिघडले म्हणजे कोणता रोग होतो आणि औषध त्यावर कसे चालते, हा त्याच्या ध्यासाचा विषय. बोलता बोलता तो म्हणाला, "फादर, अभ्यास करताना मला प्रथिन दिसते, रोगी दिसत नाही. हे पाप आहे का?"

त्याला मी सिकलसेलचे उदाहरण दिले. १९४९ साली लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिद्ध केले की, या रुग्णांचे हिमोग्लोबिन हे प्रथिनच निराळे असते. पुढे व्हर्नन इन्ग्रॅम यांच्या संशोधनातून उमगले की, हा फरक एकाच अमिनो आम्लाचा आहे. १४६ अमिनो आम्लांच्या साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. एवढ्याने तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, सूक्ष्म रक्तवाहिन्या तुंबतात आणि रुग्ण वेदनेने तळमळतो. ज्याने प्रथिनाकडे एकाग्रतेने पाहिले नाही, त्याला या वेदनेचे कारण कळणार कसे? तेव्हा ते पाहणे पाप नव्हे, कर्तव्य होय.

परंतु याच पॉलिंग यांनी १९६८ साली असे सुचविले की, हा दोष वाहणाऱ्या तरुणांच्या कपाळावर खूण गोंदावी, म्हणजे दोन वाहक एकमेकांच्या प्रेमात पडणार नाहीत. हेतू दयेचाच होता. आईवडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला हा आजार होण्याची शक्यता चारात एक असते. तरीही ती खूण माणसाला त्याच्या एका रेणूएवढा लहान करते. शिवाय १९५४ सालीच अँथनी अॅलिसन यांनी दाखविले होते की, वाहकांना हिवतापापासून काहीसे संरक्षण लाभते. ज्याला आपण कलंक म्हणू पाहतो, त्यानेच कित्येक पिढ्यांची लेकरे वाचविली.

हा प्रश्न आपल्यापासून दूर नाही. नंदुरबार, गडचिरोलीसारख्या जिल्ह्यांत हा आजार आढळतो. २०२३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत तपासणी करून कार्डे दिली जातात. कार्ड ज्याचे त्याच्या हाती असते, त्याला सावध करते. विवाहापूर्वी दोघांनी ते मोकळेपणाने एकमेकांना दाखवावे. पण त्यावरून एखाद्या मुलीला गावाने नावे ठेवली, तर ते कार्ड कपाळावरची खूणच झाले. जन्मांध माणूस पाहून पाप कोणाचे असे विचारणाऱ्या शिष्यांना प्रभूने दिलेले उत्तर आपण विसरलो, असेच मग म्हणावे लागेल.

तो निघाला तेव्हा मी एवढेच म्हणालो, "बाळा, प्रयोगशाळेत प्रथिनच पाहा, मन लावून पाहा. मात्र जे सापडेल ते प्रथम त्या रुग्णाला सांग. त्याच्याविषयी इतरांना नव्हे."