पाहणारा परका



मोशेचा सासरा इथ्रो मिद्यानी होता, इस्राएल लोकांना परका. तो छावणीत पाहुणा म्हणून आला. मोशेचा न्यायनिवाडा त्याने पाहिला आणि गप्प न बसता सांगितले, ‘देवाचे भय बाळगणारी, लाचेचा तिटकारा असणारी माणसे निवड’ (निर्गम १८). देवाने परक्याच्या तोंडून आपल्या प्रजेला शहाणे केले.

मे २०२४ मध्ये निवडणूक आयोगाच्या निमंत्रणावरून २३ देशांचे ७५ पाहुणे आपली लोकसभा निवडणूक पाहायला आले. त्यांचा दौरा ९ मे रोजी संपला; बीडचे मतदान १३ मे रोजी झाले. त्याच वर्षी २० नोव्हेंबरला, विधानसभेच्या मतदानादिवशी, परळी मतदारसंघातील घाटनांदूर येथे मतदान यंत्रे फोडली गेली.

पाहुणे येणार म्हटले की आपण अंगण झाडतो. पण पाहुणे सर्वत्र पोचत नाहीत, आणि आले तरी परत जातात. मागे उरतो तो पाहणारा देव, आणि आपण. आपण पाहतो, मात्र म्हणतो, ‘आपण मूठभर लोक, कशाला मध्ये पडायचे?’ इथ्रो तर एकटाच होता!

म्हणून मतासाठी आलेली नोट परत करू या. केंद्रावर गैरप्रकार दिसला तर केंद्राध्यक्षांना सांगू या. भ्यालेल्या शेजाऱ्याला सोबत घेऊन मतदानाला जाऊ या.

हे प्रभो, पाहण्यास डोळे दिलेस, बोलण्यास धैर्यही दे. आमेन.