कोहरा कुठे गेला?



दत्तजयंतीच्या आधीच्या रविवारी आपल्या ग्वाल्हेरच्या बालवर्गात ‘थंडीचे दिवस’ हा चित्राचा विषय ठेवला होता. रंग घरीच केले. एक वाटी मैदा तीन वाट्या पाण्यात गुठळ्या न होऊ देता कालवायचा, चमचाभर मीठ घालून मंद आचेवर ढवळत राहायचं, की दाट खळ होते. थोड्या खळीत हळद, थोडीत बिटाचा रस, थोडीत वाटून गाळलेला पालक. हळदीच्या रंगात चिमूटभर खायचा सोडा टाकला की तो तांबूस होतो, तेव्हा मुलांचे डोळे बघावेत! (एका आजींनी विचारलं, ही अन्नाची नासाडी नाही का? प्रश्न रास्त होता. म्हणून वाटीभरच मैदा घेतला आणि उरलेल्या खळीने चित्रं पुठ्ठ्यावर चिकटवली.)

बहुतेकांनी बर्फाचे डोंगर काढले. ग्वाल्हेरात बर्फ कोणी पाहिलाय? पण टीव्हीत थंडी म्हणजे बर्फच. मी सगळ्यांना ‘छान, छान’ म्हटलं. एका साडेचार वर्षांच्या मुलाने मात्र घर, रस्ता, झाड काढलं, रंगवलं, उन्हात वाळवलं आणि मग बिनरंगाची पांढरी खळ तळहाताने सगळ्यावर फासून टाकली. मला वाटलं, झालं, बिघडवलं! तो हात धुवायला गेला तेवढ्यात मी ओल्या फडक्याने खळ पुसली. हळद पसरली, म्हणून तिथे एक सूर्य काढून दिला.

तो आला, चित्राकडे बघत राहिला. म्हणाला, “मावशी, कोहरा कुठे गेला?”

आमच्याकडची मुलं धुक्याला कोहराच म्हणतात. सकाळी शाळेत जाताना पप्पांच्या स्कूटरवरून झाड दिसत नाही, अगदी जवळ गेल्यावर दिसतं. ते त्याने काढलं होतं. म्हणजे कोणी न पाहिलेल्या बर्फाला मी शाबासकी दिली आणि त्याने रोज पाहिलेलं पुसून टाकलं.

घरी आल्यावर ह्यांना म्हटलं, माझा हेतू तर चांगलाच होता. हे म्हणाले, “कोणासाठी चांगला?” मला राग आला. पण खरं सांगते, उत्सवात चित्रं भिंतीवर लागणार होती आणि ‘ताईंनी मुलांकडून किती सुंदर करून घेतलं’ हे मला ऐकायचं होतं. सेवेत कर्तेपण नको, असं आपण म्हणतो. फडकं हातात असताना मला ते ओळखू आलं नाही.

मग मुलांचं काही सुधारूच नये का? तसं मला वाटत नाही. ‘श’ उलटा काढला तर सांगावंच लागतं, श्लोकातला शब्द चुकला तरी सांगावं लागतं. ते आपल्या आधीपासून ठरलेलं आहे, त्यात माझं-तुझं नाही. पण त्याच्या डोळ्यांनी काय पाहिलं, हे त्याच्यावाचून कोणाला ठाऊक? ‘हे काय काढलंस रे?’ एवढं विचारलं असतं तरी पुरे होतं.

मी त्याची माफी मागितली. त्याने ती मनावर घेतली की नाही कळलं नाही, त्याचं लक्ष प्रसादाच्या शिऱ्याकडे होतं.

पुढच्या रविवारी त्याने तेच चित्र परत काढलं, परत खळ फासली. मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले. चित्र उन्हात ठेवलं. शिजवलेली खळ वाळली की तिचा पांढरेपणा जातो, हे इतकी वर्षं माहीत असून माझ्या डोक्यात आलं नव्हतं. वर्ग सुटायच्या वेळी झाड पुसटसं दिसू लागलं.

“मावशी,” तो म्हणाला, “ऊन पडलं.”