खाली पाठविलेला मुलगा

वाचावयाचा शास्त्रभाग : इब्री १२:५-११



बेसबॉलचा खेळ आपल्यापैकी फार थोड्यांनी पाहिला असेल. अमेरिकेत हायस्कूल संपवून जो मुलगा एखाद्या मोठ्या संघाशी करार करतो, तो सहसा लगेच त्या संघात खेळत नाही. त्याला लहान गावांतील खालच्या संघांत पाठवितात. या खालच्या स्पर्धांना मायनर लीग म्हणतात. तेथे पायऱ्या असतात. मुलाने एकेक चढावी. पुष्कळ जण मधल्या पायरीवरूनच घरी परततात.

मिकी मॅन्टल हा ओक्लाहोमा राज्यातील कॉमर्स गावचा. त्याचा बाप मट हा शिसे व जस्ताच्या खाणीत राबणारा. कामावरून आला की तो आणि आजोबा मुलाला चेंडू टाकीत, एक उजव्या हाताने, दुसरा डाव्या. म्हणून मुलगा दोन्ही बाजूंनी फटका मारावयास शिकला. हायस्कुलात असता पायाच्या हाडाला असा विकार जडला की पाय जातो की काय अशी भीती पडली. पेनिसिलिनने तो वाचला. १९४९ साली शाळा सुटताच न्यूयॉर्क यांकीज संघाने त्याच्याशी करार केला व त्याला कॅन्सस राज्यातील इंडिपेंडन्स गावी अगदी तळाच्या संघात धाडले. पुढच्या वर्षी तो जॉप्लिनला गेला. तेथे त्याने २६ होमरन मारले, आणि चेंडू अडविण्यात-फेकण्यात ५५ चुकाही केल्या. शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी हा दुसरा आकडा ध्यानात ठेवावा. एवढ्या चुका करणाऱ्या पोराला हॅरी क्राफ्ट या त्याच्या प्रशिक्षकाने दोन्ही वर्षे मैदानात उभे केले.

१९५१ साली एकोणीस वर्षांचा मिकी एकदम न्यूयॉर्कच्या मोठ्या संघात गेला. वर्तमानपत्रांनी त्याला डोक्यावर घेतले. पण फटके चुकू लागले, आणि जुलैत त्याला खाली कॅन्सस सिटीच्या संघात पाठवून दिले. तेथेही काही जमेना. त्याने बापाला फोन केला की आता हा खेळ माझ्याने होत नाही.

बाप गाडी घेऊन आला. मुलाला वाटले, तो पाठीवरून हात फिरवील. पुढचे मॅन्टलने स्वतः अनेकदा सांगितले आहे. मट खोलीत आला आणि मुलाचे कपडे पेटीत भरू लागला. मी मर्द वाढविला असे समजत होतो. तू भित्रा निघालास, तर चल घरी, माझ्याबरोबर खाणीत काम कर, अशा अर्थाचे तो बोलला. मुलगा रडला, आणखी एक संधी द्या म्हणाला, आणि राहिला. कॅन्सस सिटीकडून ४० सामन्यांत त्याने ११ होमरन मारले. ऑगस्टमध्ये त्याला पुन्हा वर बोलाविणे आले.

हे वाचून आमच्यातील काही वडीलधाऱ्यांना वाटेल की आपल्या जिभेला परवाना मिळाला. तसे नाही. मटचे शब्द कठोर होते, पण ते त्याने टपालाने पाठविले नाहीत. तो आपले काम सोडून आला, आणि मुलाला दिली ती जागा स्वतःच्या शेजारची, खाणीतली. नापास होऊन किंवा नोकरी सोडून वसतिगृहातून परतलेल्या मुलाची चौकशी आपण उपासनेनंतर मंदिराच्या अंगणात करतो, तीही त्याच्या मावशीकडे. त्याच्या दारात किती जण जातो? जो जात नाही त्याने बोल लावू नये, असे आम्हांस स्पष्ट वाटते.

आता शास्त्रभागातील दहावे वचन पाहा. ऐहिक बाप आपल्या समजुतीप्रमाणे शिक्षण देतात, तेही थोडे दिवस, असे लेखक म्हणतो. हे ‘थोडे दिवस’ आपण वाचताना सहज ओलांडून जातो. त्याच ऑक्टोबरात सामन्यात मिकीचा गुडघा दुखावला. त्याला इस्पितळात नेताना आधार देणारा बापच कोसळला. कर्करोग होता. मे १९५२ मध्ये, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, मट वारला. मिकी मोठा खेळाडू झाला; पण कपडे भरावयास येणारा आता कोणी नव्हता, आणि दारूने त्याला अनेक वर्षे धरून ठेवले. चांगल्या बापाचेही शिक्षण जेथे संपते, तेथे स्वर्गीय पित्याचे संपत नाही. आपण त्याच्या पवित्रतेचे वाटेकरी व्हावे म्हणून तो थांबत नाही, हे त्या वचनाचे उत्तरार्धातले सांगणे आहे.

१९९४ साली मॅन्टलने दारू सोडण्यासाठी उपचार घेतले. पुढच्या वर्षी जूनमध्ये त्याचे यकृत बदलण्यात आले. जुलैत, अंग पार वाळलेले असता, वार्ताहरांसमोर बसून त्याने तरुणांना सांगितले की माझ्यासारखे होऊ नका. त्याच्या बिछान्याशी बॉबी रिचर्डसन आला. हा जुना सोबती, प्रभूचा साक्षीदार. तोही १९५३ साली हायस्कुलातून थेट खालच्या संघांत गेला होता आणि वर बोलाविल्यावर पुन्हा खाली पाठविला गेला होता. मॅन्टलने त्याला सांगितले की मी ख्रिस्तावर विश्वास ठेवला आहे. रिचर्डसनच्या पत्नीने त्याला विचारले की देवाने तुला स्वर्गात का घ्यावे, तेव्हा त्याने योहान ३:१६ म्हणून दाखविले. १३ ऑगस्ट १९९५ रोजी तो वारला, आणि डॅलस येथील मंदिरात त्याच्या अंत्यविधीचा उपदेश रिचर्डसननेच केला.