थकलेला उस्ताद आणि नीयतीचा प्रश्न

उस्ताद हा कौमचा मेमार असतो, हे वाक्य आम्ही दर वर्षी ५ सप्टेंबरला ऐकतो. गुलपोशी होते, शाल मिळते, दोन शेर होतात आणि टाळ्या पडतात. दुसऱ्या दिवशी शाळेत गेलो की हजेरीपट, पोषण आहाराच्या तांदळाचा हिशेब, ऑनलाइन भरायची माहिती आणि मतदारयादीचे काम आमची वाट पाहत असते. यातून जो वेळ उरेल त्यात शिकवायचे. संध्याकाळी घरी परतताना मन विचारते, आज कोणाला काय शिकवले? कित्येक दिवस या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नसते.

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळांतले शिक्षक. बी.एड. केले तेव्हा मनात मोठी स्वप्ने होती. सुरुवातीची वर्षे मानधनावर काढली, तीही उमेदीने काढली. मग हळूहळू काहीतरी विझत गेले. मुलांची नावे लक्षात राहिनाशी झाली. मुलगा चुकला की पूर्वी वाईट वाटायचे, आता फक्त राग येऊ लागला. त्यात मुहल्ल्यातले सुखवस्तू लोक आपली मुले इंग्रजी शाळेत घालतात आणि आम्हाला भेटल्यावर उर्दूच्या भवितव्याची चिंता व्यक्त करतात. आमच्यापैकी काहींची मुलेही इंग्रजी शाळेतच आहेत. मग रात्री प्रश्न पडतो, ज्या शाळेवर आमचाच भरवसा नाही तिथे आम्ही दुसऱ्यांच्या मुलांना कशासाठी बसवले आहे?

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली मान्य केलेल्या आजारांच्या वर्गीकरणात या अवस्थेची नोंद आहे. मात्र तिला आजार म्हटलेले नाही. कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ निवारला गेला नाही की ही अवस्था येते आणि तिची खूण तिहेरी असते: अंगातली ताकद संपल्यासारखी वाटणे, कामाबद्दल मन दूर किंवा कडवट होणे, आणि आपल्या हातून काही होत नाही असे वाटणे. आम्ही हे वाचले तेव्हा कोणीतरी आमचाच शेरा लिहिला आहे असे वाटले.

आता खरा प्रश्न असा की हा दोष कोणाचा? दोन उत्तरे तयार असतात. बुजुर्ग म्हणतात, सब्र कमी पडला, ईमान कमजोर झाले. संघटनेचे लोक म्हणतात, व्यवस्थेचा दोष आहे, तुमचा काही नाही. दोन्हींत तथ्य आहे, पण दोन्ही अपुरी आहेत. व्यवस्थेचा दोष आहेच. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम २७ सांगते की जनगणना, आपत्तीनिवारण आणि निवडणूक यांखेरीज शिक्षकाला अशैक्षणिक कामाला जुंपू नये. तरीही त्याबाहेरची कामे आमच्या टेबलावर येतात आणि आम्ही निमूटपणे सही करतो. पण उद्या ती सगळी कामे काढून घेतली, तर आम्ही पहिल्या दिवसाच्या आनंदाने वर्गात जाऊ का? प्रामाणिकपणे सांगायचे तर, खात्री नाही.

इथे आम्हाला इमाम गझाली आठवतात. इ. स. १०९१ मध्ये ते बगदादच्या निझामिया मदरशात उस्ताद झाले. तीनशे विद्यार्थी, मोठा मान, दरबारात वजन. चारच वर्षांनी, १०९५ मध्ये, त्यांची जीभ अडली. वर्गात उभे राहावे आणि तोंडातून शब्द निघू नये, घास गिळता येऊ नये, अशी हालत झाली आणि हकिमांनी हात टेकले. आपल्या आत्मकथनात त्यांनी याचे कारण स्वतःच सांगितले आहे. त्यांनी आपली नीयत तपासून पाहिली, तेव्हा आपले शिकवणे अल्लाहसाठी नसून नाव आणि रुतबा यांसाठी आहे असे त्यांना आढळले. सहा महिने ते जाऊ की राहू या ओढाताणीत होते. अखेर त्यांनी बगदाद सोडले.

आमच्यापैकी अनेकांना ही हकीगत इथपर्यंतच माहीत असते. पण पुढचा भाग अधिक महत्त्वाचा आहे. सुमारे अकरा वर्षांनी, ११०६ मध्ये, ते निशापूरच्या निझामियात पुन्हा शिकवायला आले, आणि तेही हुकूमतीच्या आदेशावरून! काम तेच होते आणि वरून येणारा हुकूमही तसाच. बदल कुठे झाला होता, तेही त्यांनीच सांगून ठेवले आहे: पूर्वी ते रुतबा मिळवून देणारे इल्म शिकवत होते, आता रुतब्याची हाव सोडायला लावणारे शिकवू लागले.

आम्ही काही गझाली नाही. नोकरी सोडून दमिश्कची वाट धरणे आम्हाला परवडणारे नाही. पहिल्या तारखेला घराचा हप्ता जातो, अम्मी-अब्बांची औषधे येतात. पण नीयत तपासायला रजेचा अर्ज लागत नाही. आम्ही ती तपासली तेव्हा जे दिसले ते सुखाचे नव्हते. आम्हाला मुलांना शिकवायचे होते, हे खरे. पण त्याहून जास्त, कौमचे मेमार म्हणवून घ्यायचे होते. एकट्याने सबंध समाज उभा करायचा, ही जी जबाबदारी आम्ही स्वतःच्या खांद्यावर घेतली होती, तिच्यात खिदमत थोडी आणि घमेंड बरीच होती. ती पेलणे शक्यच नव्हते. म्हणून आम्ही रोज नापास होत होतो.

दुसरी गोष्ट हजरत सलमान फारसी आणि हजरत अबू दरदा यांची. अबू दरदा दिवसा रोजा आणि रात्रभर इबादत करीत. सलमान त्यांच्या घरी मुक्कामाला आले, त्यांना सोबत जेवायला लावले, रात्री झोपायला लावले आणि समजावले की रबचा तुमच्यावर हक्क आहे, तसाच तुमच्या स्वतःचाही आहे आणि घरच्यांचाही. ही गोष्ट पैगंबरांच्या (स.) कानावर गेली, तेव्हा त्यांनी सलमानचे म्हणणे खरे ठरवले. इबादतीलाही जर ही हद्द आहे, तर रात्री अकरा वाजता मोबाईलवर माहिती भरण्याला ती नसावी का? थकवा हा गुनाह नाही. थकलेल्या जिवाचा हक्क नाकारणे हा मात्र गुनाह ठरू शकतो.

तिसरा दाखला आपल्या मातीतला. सावित्रीबाई फुले आजारपणात माहेरी नायगावला असताना त्यांनी १० ऑक्टोबर १८५६ रोजी जोतीरावांना पत्र लिहिले. त्यात फातिमाचा उल्लेख आहे. आपल्यामागे तिला त्रास पडत असेल, पण ती समजून घेईल आणि कुरकुर करणार नाही, असा त्याचा आशय आहे. व्यासपीठावरून आपण यातली ‘कुरकुर न करणारी फातिमा’ तेवढी उचलतो आणि शिक्षिकांना तसे व्हायला सांगतो. पण त्या ओळीत आणखी एक बाई आहे. आपल्या वाटचे ओझे आज दुसरीवर पडले आहे, याची अंथरुणावर पडल्या पडल्या आठवण ठेवणारी. थकलेल्याला शालीपेक्षा असा सोबती हवा असतो.

म्हणून आम्ही तीन-चार जणांनी काही साधे ठरवले. महिन्यातून एकदा बसायचे आणि ‘सब ठीक’ म्हणायचे नाही, जे आहे ते सांगायचे. कलम २७ बाहेरचे काम आले तर लेखी आदेश मागायचा. असर ते मगरिब हा वेळ घरचा. आणि रोज एकाच मुलाबद्दल वहीत एक ओळ लिहायची.

त्या वहीत एक मुलगी आहे. आम्ही सहावीला मराठी शिकवतो. आमच्या मुलांची वही दोन्हीकडून उघडते, उजवीकडून उर्दू आणि डावीकडून मराठी. उर्दूत ळ नाही आणि ण नाही, त्यामुळे ‘बाळ’चे ‘बाल’ होते आणि ‘पाणी’चे ‘पानी’. ही मुलगी वर्षभर तोंड उघडत नव्हती. तिच्याबद्दल पहिली ओळ होती, ‘आज ळ म्हणाली. हळू.’ पुढे कधीतरी तिची आई भेटली. रेशन दुकानावरची मराठी नोटीस मुलीने रांगेतल्या बायकांना वाचून दाखवली होती. आई म्हणाली, “सर, अब किसीसे पूछना नहीं पडता.”

त्या दिवशी आम्ही फार खूश होतो. पण खरे सांगायचे तर पुढच्याच महिन्यात थकवा परत आला. तेव्हा एक गोष्ट कळली. फळ दिसले म्हणून मिळणारा आनंद खरा असतो, पण त्यावर नोकरीची तीस वर्षे काढता येत नाहीत, कारण बहुतेक फळे आपल्या नजरेआड पिकतात. ती नोटीस वाचल्याचे आईने सांगितले नसते, तरी मुलीने ती वाचलीच होती.

बुखारी शरीफची सुरुवात नीयतीच्या हदीसने होते. आम्ही ती पाठ केली होती, पण स्वतःवर लावून पाहिली नव्हती. आता वर्गाच्या दारात नीयत करतो, तीही लहान: आज या वर्गातल्या एका मुलाला एक अक्षर. कौमचे काय व्हायचे ते अल्लाह जाणे. हजेरीपट तसाच आहे, तांदळाचा हिशेबही आहे. पण संध्याकाळी मनाने प्रश्न विचारला की द्यायला एक ओळ तरी असते.