बहर ज्याचा त्याचा

जरा बसा. निघायला अजून अवकाश असेल, किंवा टोकियोतल्या हॉटेलच्या खोलीत मुलं झोपल्यावर तुम्ही हे वाचत असाल. कुठेही असा, पाठ टेकवा, खांदे सैल सोडा. पासपोर्ट, तिकिटं, व्हिसाचे कागद, आजीच्या गोळ्यांचा डबा, सगळं जागच्या जागी आहे. पुढची काही मिनिटं त्यातलं काहीही पुन्हा तपासायचं नाही.

आता बरोबर येणारी माणसं डोळ्यांसमोर आणा. घोळका म्हणून नको, एकेक करून. गुडघे दुखत असूनही ‘मी येणारच’ म्हणणारी आई. आयुष्यभर सहलींचा खर्च उचलून स्वतः कधी खिडकीशी न बसलेले वडील. बहीण आणि मेहुणे. चौदा वर्षांची भाची, जिला हल्ली चारचौघांत कुणी हाक मारलेलीही चालत नाही. आणि सगळ्यात धाकटा, ज्याच्या लेखी जपान म्हणजे बुलेट ट्रेन, बाकी काही नाही. प्रत्येकाच्या चेहऱ्यापाशी क्षणभर थांबा. यातल्या कुणाला तिथे काय पाहायचं आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे का? उत्तराची घाई नाही. प्रश्न मनात असू द्या.

तारीख ठरवताना झालेली ओढाताण आठवा. एका घरची मुलं सीबीएसईची, मार्चमध्येच मोकळी झालेली. दुसऱ्या घरची स्टेट बोर्डाची, एप्रिलमध्येही परीक्षेत अडकलेली. कुणाची रजा मंजूर होत नाही, कुणाला ‘मार्च एंडिंग’ सुटत नाही. आणि या सगळ्यांच्या वर चेरीच्या झाडांच्या बहराची तारीख, जिच्यापुढे कुणाचंच चालत नाही. टोकियोतल्या यासुकुनी मंदिराच्या आवारात चेरीचं एक ठरलेलं झाड आहे. हवामान खात्याचे अधिकारी त्याच्याखाली उभे राहून मान वर करून फुलं मोजतात. पाच-सहा फुलं उमललेली दिसली की टोकियोत बहर सुरू झाल्याचं जाहीर होतं. बहुतेक वर्षी हे मार्चच्या उत्तरार्धात घडतं. तिथून आठवड्या-दहा दिवसांत झाड पूर्ण फुलतं आणि मग पाकळ्या झडू लागतात. मध्येच पाऊस-वारा आला तर त्याहूनही लवकर. क्योतोतल्या बहराच्या नोंदी बाराशे वर्षं मागे जातात. त्या नोंदींतला तोवरचा सर्वांत लवकरचा पूर्ण बहर 2021 साली आला, 26 मार्चला. हवा तापते आहे आणि फुलं पुढे सरकत आहेत. कित्येक महिने आधी काढलेलं तिकीट आणि त्यांची गाठ पडेलच, असं कुणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही.

हे आजच मान्य करून टाका. मुलांनाही सांगून टाका. फुलं भेटली तर आनंद आहे, नाही भेटली तर झाडं आहेत. ज्यांना एप्रिलच्या उत्तरार्धातच निघता येतं, त्यांच्यासाठी उत्तरेकडे, आओमोरीतल्या हिरोसाकी किल्ल्याच्या खंदकाकाठी बहर त्या सुमारास असतो, आणि पाकळ्या पडून खंदकाचं पाणी कधी कधी दिसेनासं होतं. बहर दक्षिणेकडून उत्तरेकडे चालत जातो. क्यूशूहून मार्चमध्ये निघालेला होक्काइदोला पोचायला एप्रिलची अखेर किंवा मे उजाडतो.

एक श्वास घ्या. आणखी मागे जा. तुम्हाला जे फूल दिसेल त्याची कळी आदल्या उन्हाळ्यातच धरलेली होती. तुमच्या घरी गणपतीच्या मोदकांची उकड काढली जात होती, तेव्हा ती फांदीवर होती. मग ती झोपी गेली. तिला जागं करायला कडाक्याची थंडी लागते; थंडी पुरेशी पडली की मगच ती वसंतातल्या उबेची वाट पाहू लागते. नुसती ऊब तिला पुरत नाही. इथे थोडं रेंगाळा. तुमच्या घरातही कुणीतरी अशी थंडी काढून या प्रवासाला निघालं आहे. कुणी आजारपण काढलं, कुणाचं माणूस गेलं. ते कोण, हे तुम्हाला माहीत आहे. त्याच्याशी प्रवासात यावर बोललंच पाहिजे असं नाही. तुम्हाला आठवण असली म्हणजे झालं.

आता चला, टोकियोतल्या उएनोच्या बागेत. एप्रिलची सुरुवात, सकाळ, हवेत चांगलाच गारवा. आजीच्या अंगावर शाल आणि कानटोपी दोन्ही. झाडांखाली निळ्या ताडपत्र्या अंथरलेल्या आहेत आणि प्रत्येकीच्या कडेला चपला-बूट ओळीने काढून ठेवलेले. तुमच्या मंडळींनीही आपली ताडपत्री अंथरली आहे, झाडाच्या मुळांपासून जरा दूर, कारण पायांखाली माती दाबली गेली की मुळं घुसमटतात. डबे उघडले जात आहेत. ठेपले, लसणाची चटणी, भाचीने दुकानातून स्वतः निवडून आणलेले गुलाबी-पांढरे-हिरवे दांगो. तांदळाच्या पिठाचे ते गोड गोळे काडीला टोचलेले आहेत, आणि मासा-मटण न खाणाऱ्या आजीनेही एक घेतला आहे.

वर पाहू नका. सगळे वर पाहतच आहेत. धाकटा खाली बघतो आहे, तुम्हीही त्याच्याबरोबर खाली पाहा. जमिनीवर सुट्या पाकळ्या आहेत, टोकाशी बारीक खाच असलेल्या, जवळजवळ पांढऱ्या. पण त्यांच्यात एक आख्खं फूल आहे. पाचही पाकळ्या शाबूत, मागे देठाचा छोटा तुकडा. त्याने ते तळहातावर घेतलं आहे. वाऱ्याने पाकळ्या एकेकट्या झडतात, मग हे फूल सगळंच्या सगळं कसं पडलं? उत्तर फांदीवर आहे: चिमण्या. फुलाच्या तोंडाशी चोच घालून मध प्यायचं मेजिरो पक्ष्याला जमतं, चिमणीची चोच आखूड. म्हणून ती फूल मागून, मध साठतो तिथेच चावते, मध चोखते आणि फूल सोडून देते. ते गरगरत खाली येतं. धाकट्याला आता बुलेट ट्रेन आठवत नाही. तो मान वर करून चिमणी शोधतो आहे, आणि ती दिसेपर्यंत इथून हलणार नाही. तुमच्या कागदावर दहा वाजता दुसरीकडे जायचं लिहिलं असेल. तो कागद खिशातच राहू द्या.

याच बागेत प्राणिसंग्रहालय आहे, 1882 साली उघडलेलं. तिथल्या हत्तींची गोष्ट मुलांना सांगायची की नाही, हे तुम्हीच ठरवा. मला वाटतं, दहा वर्षांच्या पुढच्यांना सांगावी, आणि हळू आवाजात सांगावी. युद्धात, 1943 साली, बॉम्ब पडून जनावरं मोकाट सुटतील या भीतीने तिथले प्राणी मारण्याचा हुकूम निघाला. तीन हत्तींना उपाशी ठेवून मारलं गेलं. युद्ध संपलं, शहर जळून गेलेलं, आणि टोकियोतल्या मुलांनी हत्ती मागितला. त्यांनी भारताच्या पंतप्रधानांना पत्रं लिहिली. 1949 साली नेहरूंनी एक हत्तीण पाठवली आणि तिला आपल्या मुलीचं नाव दिलं, इंदिरा. ती 1983 पर्यंत जगली. मला या गोष्टीतली पत्रं फार महत्त्वाची वाटतात. त्या शहरात तेव्हा खायला पुरेसं नव्हतं, राहायला घरं नव्हती. काय आधी हवं, याची मोठ्यांची यादी वेगळीच असणार. मुलांनी हत्ती मागितला, आणि कुणीतरी मोठ्या माणसाने ते मागणं मागणं म्हणून वाचलं. आपल्या गटात शेवटचं कधी कुणी धाकट्याचं मागणं असं वाचलं होतं? जरा थांबून आठवा.

आता वर पाहा. बागेतल्या बहुतेक झाडांवर एकाच वेळी, एकाच रंगाचा बहर आहे. या जातीचं नाव सोमेइ योशिनो. एदो काळाच्या उत्तरार्धात, आज टोकियोतच सामावलेल्या सोमेइ गावच्या माळ्यांनी ती विकायला सुरुवात केली आणि ती देशभर पसरली. तिची झाडं बियांपासून वाढवत नाहीत. कलमं करतात, आणि कलमाचं पुन्हा कलम. त्यामुळे उएनोतलं झाड आणि ओसाकातलं झाड म्हणजे एकाच झाडाची दोन अंगं आहेत. म्हणून तर एका गावातली सगळी एकदम उमलतात आणि एकदम झडतात. दृश्य अपूर्व आहे यात शंका नाही. पण कुटुंबाने बाहेर पडताना नकळत हेच मनात धरलेलं असतं, की सगळ्यांनी एकाच वेळी, एकाच झाडाखाली, सारखंच फुलावं. फोटो काढताना तर फारच. भाची हसत नाही म्हणून कुणीतरी रागावतं. आई दमली, पण आपल्यामुळे सगळ्यांचा खोळंबा नको म्हणून ती सांगत नाही. मन लावून पाहा, हे तुमच्याही गटात होतं आहे का.

तुमची माणसं कलमी नाहीत. ती बियांपासून वाढलेली आहेत.

म्हणून आता योशिनोला चला. नारा प्रांतातला हा डोंगर, ओसाकाहून किंतेत्सू रेल्वेच्या गाडीने सव्वा तासाच्या आसपास. इथे चेरीची सुमारे तीस हजार झाडं आहेत, आणि त्यांतली बहुतेक डोंगरी चेरीची. फुलाबरोबरच तिला तांबूस कोवळी पानं येतात आणि बीपासून वाढलेलं प्रत्येक झाड शेजाऱ्याहून थोडं वेगळं असतं, रंगानेही आणि वेळेनेही. बहर पायथ्याकडून वर चढत जातो. खालची झाडं आधी फुलतात, मग मधली, मग वरची, आणि सगळ्यात शेवटी डोंगराच्या आतल्या अंगाची. एप्रिलच्या पहिल्या दिवसांपासून महिन्याच्या शेवटाकडे जाईपर्यंत इथे कुठेतरी काहीतरी फुललेलं असतं. खाली पाकळ्या झडून हिरवी पानं दिसत असतात तेव्हा वर अजून कळ्या असतात. आणि तरी लोक बोट दाखवून एकच डोंगर म्हणतात.

मनाने त्या चढावर उभे राहा. आई मधल्या टप्प्यावर एका चहाच्या दुकानात बसली आहे. तिच्या पुढ्यात कुझूमोची आहे, योशिनोच्या कुझू वेलीच्या मुळांतल्या सत्त्वाचा थरथरणारा पारदर्शक गोड पदार्थ. तिला आणखी वर जायचं नाही. तिला इथे बसून येणारी-जाणारी माणसं पाहायची आहेत, आणि हेच तिचं जपान आहे. वडील तिच्याशेजारी, अखेर खिडकीच्या बाजूला. बहीण-मेहुणे वरच्या टप्प्यावरून खाली पसरलेला डोंगर बघायला पुढे गेले आहेत. भाची एकटीच, पण नजरेच्या टप्प्यात, एका झाडाला टेकून उभी आहे आणि गेला बराच वेळ तिने फोन काढलेला नाही. कुणी कुणाला हाका मारत नाही. भेटायची वेळ आणि जागा ठरलेली आहे, तेवढं पुरे आहे. कुणी उशिरा आलं तर दुसरी गाडी आहे.

तुम्ही कुठे आहात? बहुधा मध्ये कुठेतरी, वरच्यांना आणि खालच्यांना दोघांनाही नजरेत ठेवत. ही जागा थकवणारी आहे. तिथेच थोडा वेळ बसा. सांभाळणाऱ्यानेही डोंगर पाहायचा असतो. दहा मिनिटं बहिणीला सांगा, मुलांकडे लक्ष ठेव. ती ठेवेल.

आता हळूहळू खोलीत परत या. मुलांचे श्वास ऐकू येत असतील. उद्याचा कार्यक्रम ठरला असेल तर तो तसाच राहू द्या, पण सकाळी निघण्याआधी प्रत्येकाला वेगळं गाठून विचारा: आज तुला काय करायचं आहे? आईला विचाराल तेव्हा बाकीचे ऐकत नसतील असं पाहा, म्हणजे ती खरं सांगेल. भाची ‘काहीच नाही’ म्हणाली तर तेही लिहून घ्या आणि तिच्या वाट्याचा तास खरंच मोकळा ठेवा. आणि धाकट्याला सगळ्यांच्या आधी विचारा, मोठ्यांची उत्तरं त्याच्या कानावर पडण्यापूर्वी.